खोतांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

कोकणातल्या एका गावात विश्राम गुरव ग्रामदेवापुढे गाऱ्हाणी घाली. तो मागणं मागे आणि जमलेला गाव "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देई. गावचे खोत अप्पा बायकोला, यमुनाबाईंना, मारझोड करत. कुणी हटकलंच, तर गुरगुरत, "माझ्या घरात मला जाब विचारणारा कोण?"

जत्रेच्या दिवशी अप्पांनी विश्रामापुढे नारळ ठेवला. "माझ्यासाठी खणखणीत गाऱ्हाणं घाल रे!"

यमुनाबाईंचा सुजलेला गाल विश्रामाला दिसला. त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, खोत जसे आपल्या बायकोला सांभाळतात, तसाच तू खोतांना सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळ्यांत मोठा आवाज अप्पांचाच निघाला. मग मागणं डोक्यात शिरलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मेल्या, शाप देतोस? मागे घे!"

"देवाच्या कानावर गेलेलं मागे कसं घेऊ, मालक? आणि शाप कशावरून? बाईंना सुखात ठेवा, तुमच्यासारखा भाग्यवान पंचक्रोशीत सापडायचा नाही."

गाव गालातल्या गालात हसत होता. अप्पांनी एकदा देवाकडे पाहिलं, मग हळूच बायकोकडे वळून विचारलं, "गाल फार दुखतोय का गो?"