खिडकीतला पहिला घास

होती एक उंदरी. इवलीशी. डोळे मिऱ्याएवढे. म्हणून नाव तिचं मिरी.

मिरीला होती एक बहीण. मिरीहून इवली. तिचं नाव राई.

दोघी राहायच्या बिळात. बीळ होतं मठात. मठ होता सिस्टरांचा. वसईत, केळीच्या बागेमागे.

मठात रोज भट्टी पेटायची. रोज पाव व्हायचा. गोड पाव. गरम पाव. नारळ घातलेला पाव.

लोरेन्सा सिस्टर सगळ्यांत म्हाताऱ्या. पाव निघाला की त्या कोपरा मोडायच्या. खिडकीत ठेवायच्या. म्हणायच्या, "पहिला घास इवल्यांचा!"

मग मिरी यायची. लुटुलुटु, लुटुलुटु. घास उचलायची. बिळात न्यायची.

एक दिवस लोरेन्सा सिस्टर देवाघरी गेल्या.

घंटा वाजली. टण्ण… टण्ण… टण्ण…

भट्टी विझली. आभाळ राखाडी झालं. मठ गप्प झाला.

बिळात राई रडू लागली. "ऊं ऊं! भूक! भूक!"

"रडू नको गं राई. आत्ता आणते."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. गेली खिडकीकडे. खिडकी रिकामी!

"खिडकी, खिडकी, घास दे ना! राई रडायची थांबेना!"

खिडकी म्हणाली, "मी कुठून देऊ? आधी भट्टीला पाव भाजू दे."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. गेली भट्टीकडे. भट्टी थंडगार. आत नुसती राख.

"भट्टी, भट्टी, पाव भाज ना!
खिडकी घास देईना,
राई रडायची थांबेना!"

भट्टी म्हणाली, "मी कशी भाजू? आधी आपोलीन सिस्टरना लाकूड घालू दे."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. आपोलीन सिस्टर लाकडांच्या ढिगावर बसल्या होत्या. हात मांडीवर. डोळे लाल.

"सिस्टर, सिस्टर, लाकूड घाला ना!
भट्टी पाव भाजीना,
खिडकी घास देईना,
राई रडायची थांबेना!"

आपोलीन सिस्टर म्हणाल्या, "पीठच मळलं नाही, तर जाळ कशाला? आधी ब्रिजिता सिस्टरना पीठ मळू दे."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. ब्रिजिता सिस्टर परातीपुढे उभ्या होत्या. परात कोरडी. सिस्टरांचे गाल ओले.

"सिस्टर, सिस्टर, पीठ मळा ना!
आपोलीन लाकूड घालीना,
भट्टी पाव भाजीना,
खिडकी घास देईना,
राई रडायची थांबेना!"

ब्रिजिता सिस्टर म्हणाल्या, "आंबवणाशिवाय पीठ फुगतं होय? आधी कामिल सिस्टरना आंबवण देऊ दे."

आंबवण म्हणजे काय? कालच्या पिठाचा गोळा. तो बरणीत ठेवायचा. तो आजचं पीठ फुगवतो.

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. कामिल सिस्टरांच्या मांडीवर बरणी होती. आंबवण आत एकटंच. बुड… बुड…

"सिस्टर, सिस्टर, आंबवण द्या ना!
ब्रिजिता पीठ मळीना,
आपोलीन लाकूड घालीना,
भट्टी पाव भाजीना,
खिडकी घास देईना,
राई रडायची थांबेना!"

कामिल सिस्टर म्हणाल्या, "शेपटीएवढी तू, आणि घाई केवढी! आपल्या मठाची रीत आहे. सगळ्यांत मोठीनं एप्रन बांधायचा. मगच काम सुरू. आधी मदरना एप्रन बांधू दे."

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. मदर नताल अंधाऱ्या खोलीत होत्या. समोर एक खुर्ची. लोरेन्सा सिस्टरांची. रिकामी.

"मदर, मदर, एप्रन बांधा ना!
कामिल आंबवण देईना,
ब्रिजिता पीठ मळीना,
आपोलीन लाकूड घालीना,
भट्टी पाव भाजीना,
खिडकी घास देईना,
राई रडायची थांबेना!"

मदर हळूच म्हणाल्या, "आता मीच मोठी. पण एप्रन लोरेन्साचा आहे गं पोरी. खिळ्यावर आहे. मला काढवत नाही. आधी त्याला खाली येऊ दे."

"आपोआप?"

"हो. आपोआप."

"अहो मदर, खिळ्यावरचा एप्रन आपोआप खाली येतो का?"

मदरनी डोळे पुसले.

मिरी निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु. गेली स्वयंपाकघरात. एप्रन नाडीनं उंच लटकला होता. त्याला पिठाचा वास येत होता. नारळाचा वास येत होता. लोरेन्सा सिस्टरांचा वास येत होता.

"एप्रन, एप्रन, खाली ये ना!
मदर एप्रन बांधीना,
कामिल आंबवण देईना,
ब्रिजिता पीठ मळीना,
आपोलीन लाकूड घालीना,
भट्टी पाव भाजीना,
खिडकी घास देईना,
राई रडायची थांबेना!"

एप्रन नुसता हलला.

मिरीलाही रडू आलं. मूस… मूस…

बिळातून राईचा आवाज आला. अगदी बारीक. "ऊं…"

मिरीनं शेपटी आपटली. "एक मोठी थांबते दुसरीसाठी. दुसरी थांबते तिसरीसाठी. मी नाही थांबणार!"

मिरी भिंतीवर चढली. सर सर सर! नाडीपाशी गेली. दात लावले. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. नाडी तुटली.

थप्प! एप्रन खाली आला.

सगळ्या सिस्टर धावत आल्या.

"कुणी पाडला?"

"मी!"

"नाडी कुरतडलीस? द्वाड कुठली!"

"मग तुम्ही काढणार होता कधी?"

सगळ्यांनी खिळ्याकडे पाहिलं.

मदर वाकल्या. एप्रन उचलला. त्यातून पीठ उडालं. फुस्स! मदरनी एप्रनमध्ये तोंड लपवलं. खूप वेळ रडल्या. बाकीच्याही रडल्या. मिरी थांबली. एवढंच थांबली.

मग मदरनी तुटलेल्या नाडीला गाठ मारली.

मदरनी एप्रन बांधला. घट्ट!
कामिलनं आंबवण दिलं. बुड बुड!
ब्रिजितानं पीठ मळलं. थप थप!
पीठ फुगलं. टम्म!
आपोलीननं लाकूड घातलं. खड खड!
भट्टीनं पाव भाजला. धग धग!

पाव बाहेर आला. एका बाजूनं जरा करपला होता.

मदरनी कोपरा मोडला. खिडकीत ठेवला. सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

शेवटी मदर म्हणाल्या, "पहिला घास… इवल्यांचा."

खिडकीनं घास दिला.

मिरीनं उचलला. लुटुलुटु, लुटुलुटु. बिळात नेला. राईनं खाल्ला. मट मट, मट मट. राई रडायची थांबली.

"मिरी, हा लोरेन्सा सिस्टरांसारखा नाही गं."

"नाही," मिरी म्हणाली. "पण गरम आहे. खा."

बाहेर आभाळ अजून राखाडी होतं. एप्रन पुन्हा खिळ्यावर गेला. नाडीला गाठ होती. उद्या मदर तो आपल्या हातानं काढणार होत्या.

गोष्ट आपली भाजून झाली,
पहिल्या घासाला बिळात गेली!