आबाजींच्या कडवळातला धोत्रा

निंबराज महाराज त्या दिवसांत कोरेगव्हाणच्या महादेवाच्या ओवरीत मुक्कामाला होते. गावातली रखमा गवळण त्यांची भोळी भक्त. महाराजांनी तिला सांगून ठेवले होते, "बाई, वैरणीच्या ज्वारीत, कडवळात, रुंद, दातेरी पानाचं, चुरगळलं की उग्र वास सुटणारं रोप दिसलं, तर तो धोत्रा समज. फुलण्याआधी, रान ओलं असतानाच मुळासकट उपट. काटेरी बोंड तडकलं की पुढच्या वैरणीतही तोच उगवेल." रखमा आपल्या रानात तसेच करी.

हे शेजारच्या रानाचे मालक आबाजी देसाई यांना खपेना. शिवरात्रीला पिंडीवर पहिला धोत्रा वाहण्याचा मान त्यांचा. म्हणून त्यांच्या कडवळात धोत्रा कमरेइतका माजलेला. चाऱ्यापेक्षा पुण्याचेच पीक जोरात!

"काय गं रखमे," ते बांधावरून ओरडत, "देवाचं झाड उपटतेस? उद्या पिंडीवरचा नागही हाकलशील!"

"महाराजांचा शब्द हाय, आबा," एवढेच ती म्हणे.

एके सकाळी आबाजींची कपिला गाय गोठ्यात कोसळली. बाहुल्या फाकलेल्या, तोंड कोरडे, पाय थरथरत. कारण शोधायला आबाजींना वेळ लागला नाही. दुसऱ्याच्या दारात ते लवकर सापडते. "रखमीनं धोत्रा उपटला, कोप माझ्या गाईवर झाला! कपिला गेली, तर हिला गावात राहू देणार नाही!"

रखमा रडत महाराजांकडे धावली. महाराज गोठ्यात आले, मागोमाग गावही लोटले. त्यांनी गव्हाणीतली वैरण चाळवली, तर कडवळाच्या ताटांत कापलेली रुंद पाने आणि हिरवी काटेरी बोंडे!

"हा कोप कुणाच्या विळ्यानं कापला, आबाजी?"

"पण महाराज, देवाला वाहतात ते विष कसं असेल?"

"अरे, हलाहल महादेवानं प्यायलं. म्हणून तू ते गाईला चारायचं?"

महाराजांनी पिंडीवरचे तीर्थ आणवले. "शंभो, चूक माणसाची, भोग मुक्या जिवाला नको," असे म्हणून ते कपिलेच्या जिभेवर सोडले. आणि काय नवल! थरथर थांबली, गाय उठली, आणि रखमेने आपल्या रानातून आणलेल्या कडवळाला तिने तोंड लावले.

"चुकलो, रखमाबाई," आबाजी पुटपुटले आणि महाराजांच्या पायांवर वाकले.

महाराजांनी हसून त्यांना उठवले आणि कडवळाकडे बोट दाखवले. "आता तिकडं वाक. बोंडं तडकायच्या आत. देवासाठी एक झाड देवळामागं राहू दे. त्याला तेवढं पुरतं."

आबाजींनी धोतर खोचले आणि सगळ्या गावादेखत ते कडवळात वाकले.