सर्जेरावांचं ‘हूं’

सरदार सर्जेरावांच्या रथानं भर बाजारात ठकू कासारणीला उडवलं, आणि दंड झाला ठकूलाच!

झालं होतं असं. सर्जेरावांना कबुतरांचा भारी नाद. पलीकडच्या गडावर त्यांचे मेहुणे राहायचे. दिवसभर इकडचं कबुतर तिकडे आणि तिकडचं इकडे. निरोप तरी कसले? ‘आज भरीत केलंय.’ ‘हत्तीला शिंक आली.’ पण कबुतर दिसलं की चिठ्ठी उलगडल्याशिवाय सरदारांना राहवत नसे. मग ते जेवत असोत, पूजेला बसलेले असोत, की रथ हाकत असोत. त्या दिवशी लगाम त्यांनी दातांत धरला होता आणि डोळे होते चिठ्ठीत. ठकू बिचारी बांगड्यांची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होती. बांगड्यांचा चुरा झाला, ठकूच्या पायाचं हाड मोडलं आणि रथाचं एक चाकही मोडलं.

सरदारांचे कारकून नारोपंत मोठे तत्पर. पडलेल्या बाईला पाणी हवं का हे विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "बाई, चूक तुझीच ना?"

ठकू कण्हली, "हूंऽऽ..."

"मोडक्या चाकाची भरपाई तूच देणार ना?"

"हूंऽऽ... हूंऽऽ..."

झालं! त्या राज्यात चार माणसांदेखत ‘हूं’ म्हटलं की ती कबुली, असा कायदाच होता. चंडप्रताप महाराजांना लिखापढीचा कंटाळा, म्हणून त्यांनीच तो केला होता. आता चाकापायी ठकूचं राहतं घर जाणार होतं.

ठकूची लेक भिवरा दाद मागायला निघाली. कोतवाल म्हणाला, "चाक लागलं की घोडा? चाक असेल तर सुताराकडे जा, घोडा असेल तर पागेत जा." पागेवाला म्हणाला, "आमच्या घोड्याचं लक्ष रस्त्यावरच होतं. हवं तर त्यालाच विचार!" न्यायाधीशांनी तर कहर केला. म्हणाले, "रस्ता असतो रथांसाठी. तुझी आई तिथं काय करत होती?" भिवराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आई माझी कण्हत होती. ते ‘हूं’ नव्हतं!"

"हूं म्हणजे हूं!" महाराज गरजले. "ते सुखाचं की दुःखाचं, हे काय आम्ही तपासत बसायचं?"

"मग सरदारांनी चूक कबूल करून ‘हूं’ म्हटलं, तर तेही चालेल?"

सगळा दरबार खो खो हसला. सर्जेरावांनी जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती. उंबऱ्याला ठेच लागली तर ते उंबऱ्याला फटके मारायला लावत!

महाराज हट्टाला पेटले. "ठीक आहे! उद्या भर दरबारात सरदारांच्या तोंडून ‘हूं’ काढून दाखव. हात लावायचा नाही, धाक घालायचा नाही. जमलं तर निकाल फिरवू. नाही जमलं, तर घर जाईलच, वर महिनाभर पागेतलं शेण काढशील. कबूल?"

"हूं!" भिवरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ओंजळभर ज्वारी घेऊन आली आणि ती तिनं दरबाराच्या खिडकीत पसरली. सर्जेराव ओठ गच्च मिटून, मिशा पिळत बसले होते.

"सरदार, चूक तुमची ना?"

"नाही!"

"थोडीशी तरी?"

"नाही, नाही, त्रिवार नाही!"

दरबारी एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. नारोपंतांनी तर भिवराला शेणाची पाटी आणून दाखवली. भिवराचा डोळा सारखा खिडकीकडे जात होता. आलं नाही तर? आईला घेऊन जायचं कुठं? तिला रडूच कोसळणार होतं, तेवढ्यात पंख फडफडले! मेहुण्यांचं कबुतर ज्वारीवर उतरलं होतं, आणि त्याच्या पायाला चिठ्ठी होती.

सरदारांची मान आपोआप वळली. "आलोच हां," म्हणत ते उठले, चिठ्ठी सोडवली आणि तिथंच वाचू लागले.

भिवरा हळूच म्हणाली, "मेहुण्यांची चिठ्ठी का?"

"हूं."

"गडावर सगळं ठीक?"

"हूं."

"त्या दिवशी रथातही अशीच चिठ्ठी वाचत होता ना?"

"हूं."

"लगाम दातांत होता?"

"हूं."

"म्हणजे चूक तुमचीच?"

"हूं... हूं..."

नारोपंत बाही ओढू लागले. सरदार खेकसले, "थांब रे, वाचतोय ना!"

"हाडवैद्याचा खर्च, आई चालू लागेपर्यंत घरचं धान्य आणि टोपलीभर नव्या बांगड्या तुम्ही देणार?"

"हूं."

"आणि आईच्या पायाला रोज लेप लावायला हे नारोपंत येणार?"

"हूं, हूं. लावेल की!"

दरबारात हास्याचा स्फोट झाला. सर्जेरावांनी मान वर केली. "काय झालं? तुम्हालाही कळलं का? हत्तीला पुन्हा शिंक आली!"

काय झालं ते समजल्यावर मात्र सरदार लालबुंद झाले. "महाराज, हे ‘हूं’ धरू नका! माझं लक्षच नव्हतं!"

"तेच तर मी केव्हाची सांगतेय, सरदार!" भिवरा म्हणाली.

महाराज इतके हसले की मुकुट कानावर आला. त्यांनी जागच्या जागी निकाल फिरवला. मग म्हणाले, "बघू तरी, एवढं असतं काय त्या चिठ्ठीत!" कायद्याचे कागद ऐकताना पेंगणारे महाराज हत्तीच्या शिंकेत पार बुडून गेले.

"महाराज," भिवरा गोड आवाजात म्हणाली, "राणीवशाच्या बांगड्या यापुढं आमच्याच टोपलीतून घेणार ना?"

"हूं."

"आणि रथ हाकताना कबुतराला हात लावायला बंदी?"

"हूं."

महाराजांनी सावकाश मान वर केली. "पोरी! आम्ही आत्ता काय म्हणालो?"

भिवरानं वाकून मुजरा केला. "कायदा तुमचाच आहे, महाराज!"

महाराज एवढ्यांदा हसले, की खिडकीतलं कबुतर दचकून उडालं आणि उलट निरोप न घेताच गडाकडे निघून गेलं.