तीन शायांचा नकाशा

एका राज्यात एक नियम होता, आणि तो राजाहूनही थोर होता: नकाशा चुकत नाही, चुकते ती जमीन.

सुरंगीने हा नियम पाळण्यात असताना ऐकला, बोट धरून चालताना ऐकला, आणि मोजणीशाळेत लेखणी हाती आली त्या दिवशी हात जोडून म्हटला. 'का?' तेवढं विचारायचं नव्हतं.

मोजणीशाळा म्हणजे राजवाड्यातलं बिनखिडक्यांचं दालन. तिथे सात वृद्ध मोजणीदार बसत. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी ते जुना नकाशा समोर ठेवत आणि नव्या कातड्यावर त्याची हुबेहूब नक्कल उतरवत. बाहेर डोकावलं तर हात थरथरतो, असं ते मानत. नदी केव्हाच दोन कोस पश्चिमेला सरकली होती. राज्यातले गवंडी मात्र अजूनही कोरड्या वाळूत घाट बांधत होते.

सुरंगीची आई सगुणा राज्यातली नामांकित सुईण. एके सकाळी परीट पक्षी तिच्या अंगणात उतरला आणि शेपटी हलवत म्हणाला, "डोंगरापलीकडे ओढ्याकाठी नवी वाडी वसली आहे. तिथे बाळंतीण अडली आहे."

थोरले मोजणीदार वज्रधर म्हणाले, "ती वाडी नकाशात नाही. नकाशात नाही तिथे गेलेला परतत नाही, हा शाप तुला ठाऊक आहे."

"बाळ तर आहे ना?" सगुणा म्हणाली, आणि निघाली.

तीन महिने झाले. ती परतली नाही.

चौथ्या महिन्यात सुरंगीने परटाला गाठलं. "आईला तू बोलावलंस. आता परत कसं आणायचं तेही सांग."

परीट ओशाळला. म्हणाला, "पूर्वी एका राजाने नदी नकाशाबाहेर वळली म्हणून तिला चाबकाचे फटके मारले. नदीकाठी एक मायावी साधू तप करत होता. तो म्हणाला, राजा, तुला नकाशाच खरा वाटतो ना? मग आजपासून नकाशात नसलेल्या ठिकाणाहून तुझा एकही माणूस परतणार नाही. तीन शायांनी कुणी डोळ्यांनी बघून राज्य काढील, तेव्हाच हा शाप सुटेल. एक शाई पाण्याची, एक डोंगराची, एक माणसांची. मागून मिळणार नाहीत. ओळखून मिळतील."

"हे आजवर कुणाला का नाही सांगितलंस?"

"कुणी बाहेर येऊन विचारलं तर सांगणार ना!"

सुरंगी नदीवर गेली. नदी म्हणाली, "मला मारलं, पण विचारलं नाही. सांग, मी का वळले?"

सुरंगी तीन दिवस काठावर बसली. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी धावत होतं आणि काठ कुरतडत होतं. आतल्या अंगाला ते मंदावत होतं आणि गाळ ठेवत होतं. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं, आणि त्या देण्याघेण्यात तसूतसूने सरकायचं. ते पाहून सुरंगीला आपल्या सरळ रेघांची लाज वाटली.

"तू वळली नाहीस," ती म्हणाली. "तू रोज वळतेस."

नदी हसली आणि तिने ओंजळभर गाळ दिला. त्याची करडी शाई झाली.

मग डोंगर. त्याच्या एका कुशीत नेचे, शेवाळ, झिरपणारे कातळ. दुसऱ्या कुशीत निवडुंग आणि धूळ. डोंगर म्हणाला, "लोक मला अन्यायी बाप म्हणतात. एका लेकीला न्हाऊ घालतो, दुसरीला तहानलेली ठेवतो. मी अन्यायी आहे का?"

सुरंगी वाऱ्याबरोबर चढली. पायथ्याशी वारा समुद्राचं पाणी पोटाशी धरून होता. चढता चढता तो गारठला, ओझं पेलेना, तेव्हा तिथेच ओतून मोकळा झाला. पलीकडे उतरला तो रित्या हाताने.

"बाबा, तू अन्याय केला नाहीस," ती म्हणाली. "तू नुसता वाटेत उभा आहेस."

डोंगराने एवढा मोठा श्वास सोडला की दगड घरंगळले आणि खाली लाल गेरू उघडा पडला. ती दुसरी शाई.

आता राहिला ओढा, आणि ओढ्यापलीकडे ती वाडी. पलीकडच्या काठावर सगुणा उभी होती. ती पाण्यात पाऊल टाकी, आणि पाऊल वळून तिला पुन्हा वाडीतच नेऊन उभं करी.

"अगं, किती वाळलीस! जेवतेस ना?" ती ओरडली.

"आई, मी न्यायला आले आहे! बाळ कसं आहे?"

"बाळ आता रांगायची घाई करतंय. तू मात्र पाण्यात पाय टाकू नकोस!"

सुरंगी थांबली आणि ऐटीत म्हणाली, "ही वाडी इथेच का, ते मला कळलं. जमीन उंच आहे, पूर चढत नाही. पाणी जवळ, आणि बैलगाडीचा एका दिवसाचा पल्ला इथे संपतो."

सोबत आलेल्या परटाने नकाराची मान हलवली. सगुणा हसली. "सगळं खरं. पण इथल्या माणसांना विचारलंस का?"

सुरंगीचे कान तापले. मग तिने हाका मारून विचारलं. एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "माझे पाय सुजले होते गं. मी या दगडावर बसले ती उठेचना. लेक म्हणाला, आईला सोडून कुठे जायचं? मग त्याने इथेच चूल मांडली."

सुरंगीने रुंद पानांवर सगळं टिपून घेतलं: दगड, चूल, बारा घरं. "आणि विहीर कुठे?"

"डाव्या हाताला," सगुणा म्हणाली.

म्हातारीने त्या पहिल्या चुलीची काजळी पानात बांधली. परीट ती घेऊन ओढा ओलांडून आला. पाखरांना शाप लागत नाही. त्यांनी नकाशा कधी मानलाच नव्हता.

भरसभेत, राजासमोर, सुरंगीने कोरं कातडं पसरलं. करड्या शाईने आजची नदी काढली, गेरूने डोंगर आणि त्याच्या दोन कुशी, काजळीने बारा घरं आणि विहीर. शेवटचा ठिपका पडला आणि दार उघडलं. सगुणा आत आली. तिच्या मागून पिढ्यानपिढ्यांचे हरवलेले वाटसरू येत राहिले आणि आपापल्या घरची वाट विचारू लागले. राजा उठून उभा राहिला.

सगुणा नकाशावर वाकली. "एवढीशी वाडी? मोहरीएवढी?"

"आई, इथे एका वितीत तीन दिवसांची वाट मावते."

"बरं. पण विहीर चुकली. मी तुझ्याकडे तोंड करून उभी होते, माझा डावा तो तुझा उजवा!"

सभा हसली. वज्रधर मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "नकाशा सिद्ध झाला आहे. तो चुकत नाही. विहीर बुजवावी आणि दुसऱ्या अंगाला खणावी."

"तेच योग्य," बाकीचे सहा म्हणाले.

राजाने मोजणीशाळेच्या किल्ल्या पुढे केल्या. "सुरंगी, आजपासून तू थोरली मोजणीदार. परंपरेने चालत आलेला तो नियम म्हण, आणि किल्ल्या घे."

सुरंगीने किल्ल्या घेतल्या नाहीत. तिने सुरी घेतली आणि सगळ्यांच्या देखत विहिरीचा ठिपका खरवडून काढला.

"नाही म्हणणार, महाराज. नकाशा चुकतो. त्यांचा चुकला, माझाही चुकला. चुकला की उठायचं, बाहेर जायचं, आणि तिथल्या माणसाला विचारायचं. वज्रधर आजोबा, येता माझ्याबरोबर?"

सातही डोकी दाराकडे वळली. उघड्या दारातून, दोन कोसांवरून, नदीचा आवाज पहिल्यांदाच आत आला.