ओढून धरलेला नमुना

बोरी-बाभळींखेरीज जिथे सावली मिळत नाही अशा एका दूरच्या माळरानावर एक कोल्हीण आपल्या पिल्लासह राहत असे. पावसाळ्याच्या अखेरीस पिल्लाला कातडीचा आजार झाला. आजार बरा झाला, पण जाताना अंगावरचे सगळे केस घेऊन गेला. कान तेवढे झुपकेदार राहिले. बाकी अंग इतके उघडे आणि गुलाबी दिसे की त्याच्याकडे पाहतानाच आपल्याला थंडी वाजावी. नवे केस उगवायला हिवाळा सरावा लागणार होता, आणि हिवाळा तर अजून यायचा होता. कोल्हीण जवळ असली की पिल्लू तिच्या पोटाशी शिरून ऊब घेई. पण शिकारीला गेल्यावाचून दोघांचे भागणार नव्हते, आणि ती गेली की पिल्लू बिळात एकटेच कुडकुडत पडे.

दिवाळीनंतर मेंढ्यांचा कळप माळावरून खाली उतरून जाई. वाटेतल्या काट्यांना त्यांची लोकर अडकून राही. ती वाऱ्यावर हलताना पाहून एक दिवस कोल्हिणीच्या मनात आले, आपण पिल्लाला अंगडे विणावे.

त्या माळावर विणकाम येणारी एकच होती, म्हातारी सायाळ. सुया तिच्या अंगावरच उगवत, तेव्हा दुसरे काही शिकायची तिला गरज पडली नसावी. कोल्हीण तिच्या दाराशी जाऊन जरा लांबच बसली.

"मावशी, मला विणायला शिकव."

"याआधी कधी काही विणले आहेस?"

"नाही."

"उसवले आहेस?"

"ते पुष्कळ," कोल्हीण खाली पाहत म्हणाली.

"मग निम्मे काम तुला येते. विणणाऱ्याला उसवायची लाज वाटता कामा नये. ये, जवळ बस. काट्यांना जपून."

दोघी आधी लोकर पाहायला निघाल्या. पिल्लूही मागोमाग आले. उंच बाभळींना म्हाताऱ्या मेंढ्यांची काळी लोकर अडकली होती, जाड आणि राठ. खालच्या बोरींना कोकरांची पांढरी लोकर होती, बारीक आणि सावरीच्या कापसासारखी मऊ. सायाळीने काळ्या लोकरीचा पुंजका पिल्लाच्या उघड्या पाठीवर फिरवला. पिल्लू अंग चोरून बाजूला झाले.

"ही चावते," ते म्हणाले.

"ऊबही हीच जास्त देते, बाळा."

"ऊब देते, पण चावते."

कोल्हिणीने पांढरी लोकर निवडली. सायाळीने मान हलवली. "बरोबर केलेस. जे अंगावर ठेववतच नाही त्याची ऊब काय कामाची? पण एक ध्यानात ठेव. मी आजवर जे काही विणले ते काळ्या लोकरीचे. माझा हिशेब तिचा आहे. ही बारीक आहे. हिचा हिशेब हिलाच विचारावा लागेल."

"लोकरीला कसे विचारायचे?"

"नमुना विणून. आधी हातरुमालाएवढा तुकडा विण, मग त्यावर तुझ्या पिल्लाचा पंजा ठेव आणि पंजाच्या रुंदीत किती टाके बसतात ते मोज. पिल्लाच्या पोटाभोवती असे दहा पंजे भरतात, मी पाहिले आहे. एका पंजात पाच टाके आले तर खुशाल पन्नास टाके घाल आणि सुरुवात कर, माझ्या काट्यावर त्याहून जास्त मावत नाहीत. जास्त आले तर विणू नकोस, माझ्याकडे ये. टाका मोठा पडायला जाड सुया लागतील. माझे दोन जाड काटे सध्या हलताहेत. दोन-चार दिवसांत गळतील, ते तुला देईन."

मग तिने आपले गळलेले दोन बारीक काटे कोल्हिणीला दिले, टाके घालायला शिकवले, एक ओळ सुलट, एक ओळ उलट, असे करून दाखवले. कोल्हीण लोकर वेचून घरी आली. दगडावर पीळ देऊन तिने धागा केला आणि बिळासमोर विणायला बसली.

बाभळीवर एक कावळा होता. दुसऱ्याच्या कामाकडे पाहत बसणे हेच त्याचे काम. "वहिनी, सशासाठी जाळे विणता का?"

"पोरासाठी अंगडे."

"कोल्ह्याच्या पोराला कोकराचे अंगडे! आता ते गवत खायला लागले की मला बोलवा, बघायला येईन."

"पिसांचेही छान विणता येते असे मावशी म्हणत होती," कोल्हीण मान वर न करता म्हणाली. कावळा दोन फांद्या वर जाऊन बसला.

नमुना तयार झाला. कोल्हिणीने तो सपाट दगडावर ठेवला आणि पिल्लाला हाक मारली. "राजा, तुझा पंजा ठेव बघू इथे." पिल्लाने पंजा ठेवला. तिने टाके मोजले. सहा. तिने दुसऱ्या बाजूने मोजले. तरी सहा. पिल्लाला पंजा नीट ठेवायला सांगून पुन्हा मोजले, आणि पुन्हा सहाच आले.

त्याच संध्याकाळी उत्तरेचा कोरडा वारा सुटला. माळावरचे गवत एका दिशेला झोपले. पिल्लू आईच्या पायांत शिरून म्हणाले, "आई, अंगडे कधी होणार?" कोल्हिणीला जाड काट्यांची आठवण झाली. दोन-चार दिवस! तेवढे थांबायचे, मग हा तुकडा उसवायचा आणि नव्याने विणायचा. आणि तोवर या वाऱ्याने थांबायचे कबूल केले आहे का? तिने नमुन्याच्या दोन्ही कडांवर आपले पंजे ठेवले, नखे रुतवली आणि हळूच ताणले. टाके एकमेकांपासून दूर सरले. आता पिल्लाच्या पंजाखाली पाचच दिसत होते. 'एका टाक्याचा तर प्रश्न आहे,' ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सायाळ मुद्दाम चालत आली. "किती आले?"

"पाच," कोल्हीण म्हणाली. नमुना दगडावर होता आणि तिचे दोन्ही पंजे त्याच्या कडांवर होते.

सायाळीने वाकून पाहिले. तिला टाके दिसले, तशी रुतलेली नखेही दिसली. मग तिने कोल्हिणीच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्याला फक्त एकच उत्तर हवे होते. मागे बिळाच्या तोंडाशी पिल्लू अंगाचे मुटकुळे करून बसले होते. पहिलेच विणकाम आहे, सायाळीला वाटले, आत्ताच कशाला हिला नाउमेद करायचे?

"छान आहे," ती म्हणाली, आणि परत गेली.

मुलांनो, त्या दोघींपैकी एकीच्याही मनात वाईट काही नव्हते. हे विसरू नका, कारण गोष्टीतला सगळ्यात दुःखाचा भाग हाच आहे.

कोल्हिणीने पन्नास टाके घातले आणि ती विणू लागली. पिल्लू समोर बसून ओळी वाढताना पाही.

"आई, हे घातल्यावर मी कोकरासारखे दिसेन?"

"थोडेसे."

"मग लांडग्याने मला उचलून नेले तर?"

"तू तोंड उघड आणि कोल्ह्यासारखा ओरड. तो तुला टाकून पळेल."

पिल्लाने लगेच ओरडून पाहिले. आवाज चिमणीएवढा निघाला. दोघेही हसली. त्या बिळात पुष्कळ दिवसांनी कुणी हसले होते. नमुन्याचा तुकडा पिल्लाने खेळायला घेतला. दात लावून ओढ, पायाखाली दाब, असे करत त्याने तो बिळाबाहेर टाकून दिला, आणि तो तिथेच गवतात पडून राहिला.

अंगडे पुरे झाले त्या दिवशी वारा थांबला आणि आभाळ निवळले. माळावर अशाच वेळी सर्वांत कडक थंडी पडते. कोल्हिणीने पिल्लाच्या अंगात अंगडे चढवले. पाठ झाकली, मान झाकली. मग ती पोटाखाली बंद बांधायला गेली, तर दोन कडा एकमेकींपर्यंत पोहोचेनात. एका पंजात एक टाका म्हणजे काहीच नाही असे तिला वाटले होते. पण पंजे दहा होते. जवळजवळ दोन पंजांएवढे पोट उघडेच राहिले. विणताना ताणून धरायला नखे नव्हती, लोकर आपल्या स्वभावाप्रमाणे विणली गेली होती.

पिल्लाने आईच्या तोंडाकडे पाहिले आणि पोट आत ओढून घेतले. "बसते की, आई. बांध ना."

तिने बंद बांधले. "श्वास घेता येतो?"

"येतो. थोडा थोडा."

त्यातले 'येतो' तेवढे कोल्हिणीने ऐकले. तिला तेवढेच ऐकायचे होते. घरात खायला काही नव्हते. पिल्लाच्या डोक्यावरून जीभ फिरवून ती शिकारीला निघून गेली.

पिल्लाने जमेल तितका वेळ पोट आत धरून ठेवले. पण झोपेत कोण पोट आत धरून ठेवू शकते? झोप लागली, श्वास मोकळा झाला आणि बंद तुटले.

कोल्हीण तोंडात एक उंदीर धरून परतली तेव्हा गवतावर पांढरे दव होते. पिल्लू कुशीवर होते. अंगडे पाठीवरून घसरून बाजूला पडले होते. तिने हाक मारली, मग नाकाने ढकलले, मग त्याच्याभोवती अंग गुंडाळून ती ऊन वर येईपर्यंत पडून राहिली. पिल्लू काही ऊब धरेना. त्याच्या मानेपाशी जीभ फिरवताना तिला काहीतरी बारीक, मऊ लागले. तिथे नव्या केसांची लव उगवायला लागली होती.

उन्हे वर आल्यावर सायाळ आली. तिच्या तोंडात दोन जाड काटे होते. आदल्या संध्याकाळीच गळले होते, कोल्हिणीला उपयोगी पडतील म्हणून ती घेऊन आली होती. बिळात डोकावून तिने ते खाली ठेवले.

मग ती कोल्हिणीशेजारी बसली.

"मला तुझी नखे दिसली होती," सायाळ म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, मावशी?"

"तुझ्या चेहऱ्याकडे पाहिले."

बाहेर गवतात नमुन्याचा तुकडा पडला होता. दवाने भिजून आणि उन्हात वाळून तो चुपचाप आपल्या मूळ मापावर आला होता. कोल्हीण तो घेऊन आत आली. तिने तो पिल्लाच्या पंजाखाली सरकवला आणि मोजले. कुणी ताणून धरले नव्हते. सहा टाके होते. पहिल्या दिवशी होते तेवढेच.

तिने अंगडे उसवले नाही. पिल्लाला त्यातच गुंडाळून बोरीच्या खाली पुरले.

पुढच्या हिवाळ्याआधी एक रानमांजरी कोल्हिणीकडे आली. तिचे पिल्लू जन्मापासून अशक्त होते, अंगावर केस विरळ. "ताई, तुला विणता येते म्हणे," ती लांबूनच म्हणाली. कोल्हिणीने तिला जवळ बसवून घेतले, लोकर निवडून दिली, ते दोन जाड काटे दिले आणि नमुना विणायला लावला. काही दिवसांनी तयार तुकडा दगडावर ठेवून रानमांजरीने तिला बोलावले. तिचे पंजे तुकड्याच्या दोन्ही कडांवर होते.

"ताई, बरोबर पाच आले बघ," ती म्हणाली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते, आणि त्या चेहऱ्यालाही फक्त एकच उत्तर हवे होते.

कोल्हिणीने त्या चेहऱ्याकडे पाहिले. मग ती त्या तुकड्याकडे पाहू लागली.

"आधी पंजे उचल," ती म्हणाली. "मग मोज."

रानमांजरीने एकेक करून पंजे उचलले. तुकडा हळूहळू आत सरकला, आणि पुढे कुणालाच काही सांगावे लागले नाही. तिने स्वतःच धाग्याचे टोक शोधले आणि उसवायला घेतले. कोल्हीण तिच्या शेजारी बसून सुटणारा धागा गुंडाळत राहिली.

तात्पर्य : लहानसा नमुना वेळेवर खरे सांगतो, त्याला ओढून आपल्या मनासारखे बोलायला लावू नये, आणि दुसरा ओढताना दिसला तर मायेपोटी गप्प बसू नये. कारण त्या खोट्याची थंडी शेवटी सोसावी लागते ती ज्याच्यासाठी आपण विणत असतो त्यालाच.