न गुरगुरणारा कुत्रा

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या कुत्र्याचे तोंड दोराने बांधून त्याला माळावरच्या एका वृद्ध धनगराकडे घेऊन आला. व्यापाऱ्याचा डावा हात फडक्यात गुंडाळलेला होता. त्या वृद्धाला सारे बिरूआण्णा म्हणत. त्यांची हयात मेंढरे आणि कुत्री सांभाळण्यात गेली होती, आणि बिघडलेली कुत्री घेऊन लोक दुरून त्यांच्याकडे येत. गेणू नावाचा एक चाळिशीचा गृहस्थ तीन वर्षांपासून त्यांच्यापाशी राहून ही विद्या शिकत होता.

"आण्णा, हा शेवटचा उपाय," व्यापारी म्हणाला. "काजळ्या नाव याचं. काही कळायच्या आत चावतो. आधी दुकानातल्या माणसाला चावला, परवा मला. तुमच्या हातून सुधारला तर ठीक, नाहीतर याला औषध घालून संपवायचं ठरलंय."

"पहिल्यापासून असाच होता?"

"छे! पूर्वी खाताना कोणी जवळ गेलं की गुरगुरायचा. ती खोड मी मोडली. गुरगुरला की काठी. महिन्याभरात आवाज बंद!" सांगताना व्यापाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमानही होता.

आण्णांनी काजळ्याकडे निरखून पाहिले. शेपूट पोटाशी, मान खाली आणि अंग लाकडासारखे ताठ.

"दोन महिने ठेवून जा," ते म्हणाले.

काजळ्याला एका बाभळीखाली लांब दोरीने बांधले. गेणूने रोज दूध-भाकरीची ताटली ठेवायची आणि त्याच्या डोळ्यांत न पाहता परत फिरायचे, एवढेच काम आण्णांनी नेमून दिले. अंगाला हात लावायचा नाही, रागवायचे नाही. आरंभी गेणू दिसेनासा झाल्याशिवाय काजळ्या ताटलीला तोंड लावीत नसे. पुढे तो गेणूच्या देखत खाऊ लागला.

पाचव्या आठवड्यात गेणू नेहमीपेक्षा थोडा जवळ थांबला. काजळ्याचे खाणे थबकले आणि त्याच्या घशातून एक बारीक घरघर उमटली. गेणूने चटकन काठी उचलली.

"काठी ठेव," आण्णा म्हणाले. "आणि मागं सर."

गेणू मागे सरला. आण्णांनी टोपलीतून मटणाचा एक तुकडा काढून काजळ्यापुढे टाकला.

"आण्णा, गुरगुरला म्हणून बक्षीस?" गेणूला राहवेना. "अशानं उद्या हा सगळ्या वस्तीवर गुरगुरेल!"

"बघ तर खरं."

पुढचे कित्येक दिवस हाच क्रम चालला. काजळ्याने आवाज काढला की गेणू थांबे, मागे सरे आणि तुकडा टाके. गेणूची भीती मात्र खरी ठरली नाही. घरघर दिवसेंदिवस आखूड होत गेली. एके सकाळी गेणू अगदी जवळ गेला, तेव्हा काजळ्याने मान वर करून नुसते पाहिले. शेपटीचे टोक किंचित हलत होते.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. त्याला पाहताच काजळ्या उभा राहिला आणि स्पष्ट गुरगुरला. व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला.

"दोन महिन्यांत हेच केलंत? मी मोडलेली खोड पुन्हा लावलीत!"

"शेट, थोडं मागं सरा," आण्णा शांतपणे म्हणाले.

व्यापारी नाइलाजाने मागे सरला. काजळ्या गप्प झाला आणि खाली बसला.

"ती खोड नव्हती, शेट. ती त्याची बोली होती. 'मला भ्या वाटतंय, लांब थांबा,' एवढंच तो म्हणत होता. तुम्ही काठीनं बोली मोडली. भीती होती तशी आतच राहिली. बोलायची सोय गेली की दातच उरतात. आम्ही त्याला एवढंच शिकवलं, की बोललास तर ऐकणारं कोणी आहे."

"म्हणजे हा जन्मभर गुरगुरणार?"

"ऐकलं जातंय हे कळलं की फार बोलावं लागत नाही. गेणूवर आता गुरगुरत नाही तो. तुमच्याशी जमायला वेळ लागेल. तोवर खाताना त्याच्या जवळ जाऊ नका. घाई केलीत तर पुन्हा चावेल."

व्यापारी शेजारच्या दगडावर बसला.

"आमच्या घरात माझ्यापुढं कोणी ब्र काढत नाही," तो म्हणाला. "लोक नावाजतात. मीही सांगत आलो, घराला वळण आहे म्हणून."

आण्णांनी त्याला तांब्याभर पाणी दिले.

त्या संध्याकाळी काजळ्याला घरी आणून व्यापारी जेवायला बसला. पत्नीने पान वाढले आणि ती नेहमीसारखी दाराआड जाऊ लागली.

"तुला काही सांगायचं आहे का?" त्याने विचारले.

ती दचकली. "मीठ कमी पडलं का?"

"तसं नाही. तुझं काही?"

तिने उगाच भाताच्या पातेल्यावरचे झाकण सारखे केले. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आईनं अंथरूण धरलंय. निरोप येऊन महिना झाला. लग्नसराई चालली होती, म्हणून बोलले नाही."

'मग आधी का नाही सांगितलंस?' हे शब्द व्यापाऱ्याच्या ओठांपर्यंत आले. ते त्याने गिळले.

"सकाळी निघू आपण," तो म्हणाला. "आणखी सांग."

पत्नी क्षणभर उभीच राहिली. मग तिने समोरचा पाट ओढला, बसली, आणि सांगू लागली.