रुमलीबाई आणि काणी

सातपुड्याच्या सागांना अजून कुऱ्हाड लागली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या कुसुंबपाड्याच्या भिलाटीत, भिल्लांच्या वस्तीत, रुमलीबाई राहायची. रानातलं रोशा गवत कापून आणायची, तांब्याच्या डेगीत उकळायची आणि वाफेतून तेल काढायची. त्या तेलाला गुलाबाचा वास यायचा. एकदा डेगीचं झाकण उडालं आणि वाफेनं तिचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून गाव तिला काणी म्हणू लागलं. नावं ठेवायला आम्हाला कधी शिकवावं लागलं नाही.

पुढे जोंधळ्यावरही काणी पडली. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी निघायची. पहिल्या वर्षी थोडी, दुसऱ्या वर्षी निम्म्या रानात, तिसऱ्या वर्षी तर भाकरीचे वांधे झाले. मग कोणीतरी म्हणालं, गावात काणी राहते म्हणून पिकात काणी पडते. शब्द एकच होता, तेवढा पुरावा गावाला पुरला. दगाजी पाटलांनी तिला पेरणीआधी गाव सोडायला सांगितलं.

रुमलीबाई हलली नाही. तेलाच्या चिंधीत बांधून ठेवलेल्या बियाचं तिच्या परसातलं कणीस कधी काळं निघालं नव्हतं. तिनं हे एका डोळ्यानं पाहिलं होतं, दोन डोळ्यांच्या गावानं मात्र काणाडोळा केला होता. सगळ्यात काळ्या रानातलं बी तिनं पाटलांकडून मागून घेतलं आणि चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाली,

"रोग बियामा शे, मना डोयामा नही. येक कनीस काळं निंघनं, तं हाऊ दुसरा डोया बी तुमना."

तिनं तेल पाण्यात घुसळलं, बी त्यात चोळलं, सावलीत वाळवलं आणि पाटलांच्याच रानात पेरलं.

असं म्हणतात, त्या वर्षी कणसं इतकी पांढरीशुभ्र भरली की भरदुपारी रानाकडे बघवेना. असं म्हणतात, वारा सुटला की रोशाचा वास सात कोसांवर जायचा आणि रानडुकरं बांधावरूनच परत फिरायची. दगाजी पाटील तीन दिवस एकेक कणीस चाचपत फिरले. त्यांची बोटं काळी झाली नाहीत. चौथ्या दिवशी ते भिलाटीत गेले आणि साऱ्या गावादेखत त्यांनी तिचे पाय धरले.

"माय, आमनी चूक व्हयनी," ते म्हणाले.

रुमलीबाईनं त्यांना उठवलं आणि बी कसं चोळायचं ते घरोघरी जाऊन शिकवलं. मग एके सकाळी ती गवत कापायला डोंगरात गेली ती परतली नाही. असं म्हणतात, ती गेली त्या वाटेवर रोशा माणसाहून उंच वाढतो.

आजही कुसुंबपाड्यात रोशाच्या पाण्यात बी चोळल्याशिवाय तिफण निघत नाही. पहिली मूठ रुमलीबाईच्या नावानं पडते. आणि कोणाच्या रानात एखादं कणीस काळं निघालंच, तर काणी पडली असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ज्याचं रान तो कणीस खुडतो, भिलाटीकडे तोंड करून हात जोडतो आणि म्हणतो, चूक पडली.